निळा लेझर गेला, एचडी चालूच: ब्लू-रे प्लेअर, वापरानंतर

सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा प्लेअर आला असता. म्हणून हे लिहायला बसले आहे.

प्लेअर साधा ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीसारखीच पण एचडी चित्र मावणारी डिस्क लावायचा; फोर-के नाही. एचडीएमआय, यूएसबी वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देते. एकाच मॉडेलचे दोन घेतले होते: एक ठाण्याला आमच्या नौपाड्याच्या घरी, एक नेरूळला आत्याकडे. विकतचे सिनेमे बघणं हा हेतू नव्हताच. मी हँडीकॅमवर घरचं शूटिंग करते, ते आत्याला तिच्या मोठ्या टीव्हीवर जसंच्या तसं दिसावं, एवढ्यासाठी हा खर्च.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव की’ हे मला घरातल्या प्रत्येकाने सांगून झालंय. पाडव्याला कौपिनेश्वरची स्वागतयात्रा निघते, तिचं शूटिंग एकदा तसं पाठवून बघा. लेझीम पथकावर पाकळ्या उधळल्या की चित्राचे चौकोन पडतात, कारण पडद्यावरचा कण न् कण एकदम हलत असतो आणि फाइल लहान करताना नेमका तोच तपशील कापला जातो. तेच डिस्कवर बघा. लेझमीच्या चकत्या वेगवेगळ्या दिसतात, नऊवारीच्या काठावरची नक्षी दिसते. साध्या डीव्हीडीच्या चित्रात ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास बिंदू असतात. ब्लू-रेच्या १९२० बाय १०८० मध्ये, म्हणजे पूर्ण एचडीत, वीस लाखांच्या वर. हा पाचपटीचा फरक आत्याच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना लगेच कळला. ‘अगं, ही मागच्या रांगेतली आपली मंजू ना? नथ माझीच घातलीय तिने!’ नथीवरून माणूस ओळखता आलं, माझे पैसे वसूल.

आता खटकलेली गोष्ट. या प्लेअरला पुढे आकडे दाखवणारी पट्टी नाही. फक्त एक बारीक दिवा. डिस्क आत गेली, वाचली जातेय की अडकलीय, किती मिनिटं झाली, काही म्हणजे काही कळत नाही. टीव्ही लावा, इनपुट बदला, मग समजणार. आमच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर हिरव्या आकड्यांत वेळ दिसायची आणि तो याच्यापेक्षा स्वस्त होता. आत्या तर दिवा पेटलेला दिसला तरी प्लेअर चालू झालाय यावर विश्वास ठेवत नाही, पुन्हा बटण दाबते आणि तो बंद होतो. मग मला फोन. असे किती फोन झाले असतील! चार आकड्यांची पट्टी वाचवून कंपनीने किती पैसे वाचवले असतील, आणि त्यासाठी ऐंशीच्या पुढच्या बाईला टीव्हीसमोर ताटकळत का ठेवायचं? माझ्या लेखी हा या मशीनचा सगळ्यात मोठा दोष. चित्र, आवाज, रिमोट, बाकी सगळं चांगलं आहे.

वॉरंटी संपल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ठाण्याच्या प्लेअरने ब्लू-रे वाचणं सोडलं. पट्टी नसल्यामुळे बिघाड डिस्कचा की मशीनचा हे कळायलाच बरेच दिवस गेले. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने डिस्क न लावताच सांगितलं, ‘मॅडम, घरी राइट केलेल्या डिस्कची गॅरंटी आम्ही घेत नाही.’ मी पिशवीतून विकतची ब्लू-रे काढून काउंटरवर ठेवली. तीही चालली नाही. मग लेन्स पुसून झाली, आणि शेवटी ‘पूर्ण लोडर बदलावा लागेल’, म्हणजे डिस्क आत घेऊन वाचणारा सगळा भाग, असं म्हणून त्याने तो आकडा सांगितला. वर तपासणीचे पैसे वेगळे. ते मुकाट्याने भरले आणि प्लेअर उचलून घरी आणला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नुसत्या पिकअपची, म्हणजे लेझर आणि लेन्स असलेल्या भागाची, चौकशी केली, या मॉडेलचा मिळाला नाही.

इथपर्यंत माझं मत असं होतं की एचडी द्यायचं तर कोऱ्या ब्लू-रे डिस्कवरच द्यायचं. ते बदललं. घरी आल्यावर सहज एक जुनी डीव्हीडी-आर लावली, ज्यावर मी सुरुवातीला एव्हीसीएचडी (हँडीकॅमचं एचडी शूटिंग साठवायची पद्धत) पद्धतीने पंधरा-वीस मिनिटं राइट केली होती. लागली! आणि चित्र पूर्ण १०८०चं. कारण साधं आहे. ब्लू-रे डिस्क वाचायला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. माझा निळा गेलाय, लाल ठणठणीत आहे. आणि लाल लेझरने वाचलेली फाइल एचडी असली तर प्लेअर ती एचडीच दाखवतो. त्या दिवशी मला झालेला आनंद इथे लिहून सांगता येणार नाही.

तेव्हापासून वाटायच्या डिस्क मी डीव्हीडीवरच करते. कॅमेऱ्यातल्या एमटीएस (शूटिंगच्या) फाइली टीएसमक्सर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या, एव्हीसीएचडी डिस्कचा पर्याय निवडायचा. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त मांडणी बदलते. मग यूडीएफ २.५० मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, राइट करताना निवडता येते), कमी स्पीडवर राइट करायचं. शूटिंग १७ एमबीपीएसचं (सेकंदाला १७ मेगाबिट) असेल तर ४.७ जीबीत ३५ मिनिटांच्या आसपास बसतात. मंगळागौरीचे निवडक खेळ तेवढ्यात आरामात येतात, आणि आत्या एका बैठकीत तेवढंच बघते. कोरी डीव्हीडी वीस-पंचवीस रुपयांत मिळते, त्यामुळे नातेवाइकांना द्यायला हात आखडत नाही.

देताना मात्र विचारून द्या. साध्या डीव्हीडी प्लेअरवर ही डिस्क चालत नाही, म्हणून मी वर मार्करने ठळक ‘फक्त ब्लू-रे प्लेअर’ लिहिते. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो. अमेरिकेतल्या मावसभावाकडे ब्लू-रे प्लेअर असूनही आमची डिस्क लागली नाही. आपले कॅमेरे ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० या गतीचं, शूटिंग करतात आणि तिकडचे बरेच प्लेअर ते घेतच नाहीत. घरच्या डिस्कला रीजन कोड (विकतची डिस्क ठरावीक देशांतच चालावी म्हणून घातलेलं बंधन) नसतो, त्यामुळे ती शंका तपासण्यात वेळ घालवू नका. त्याला आता फाइलच पाठवते. मोबाइलचं शूटिंग एचईव्हीसीत (फाइल लहान करायची नवी पद्धत) असेल तर हे साधे ब्लू-रे प्लेअर ते वाचत नाहीत, आधी एच.२६४ या जुन्या पद्धतीत करून घ्यावं लागतं.

जपून ठेवायच्या प्रतीबद्दल मात्र माझा कौल अजून ब्लू-रेलाच. डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, आपल्या दमट हवेत मला त्याचा भरवसा वाटत नाही. ब्लू-रेतही एलटीएच लिहिलेल्या डिस्क त्याच जातीच्या, त्या टाळा. साध्या बीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच राइट करायच्या कोऱ्या ब्लू-रेत, थर अजैविक असतो. पण सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, तेव्हा हव्या असतील तर आत्ताच घेऊन ठेवा. शिवाय हार्ड डिस्कवर एक प्रत हवीच.

नेरूळचा प्लेअर अजून दोन्ही लेझरवर चालतोय. ठाण्याचा मी दुरुस्त करणार नाही, लाल लेझर आहे तोवर त्यावरच भागवणार. तोही गेला तर दुसरा घेईन, पण पुढे आकड्यांची पट्टी असलेलाच, सेकंडहँड मिळाला तरी चालेल. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा एक विकतची ब्लू-रे आणि एक घरी राइट केलेली डीव्हीडी सोबत न्या, दोन्ही लावून बघा. दुकानदार लावू देत नसेल तर पैसे काढू नका.