‘मदरबोर्ड गेलाय’ हे ऐकून लगेच मान डोलावू नका

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर मात्र काळाच. गिऱ्हाइकाला गंडवायला याहून सोयीचा बिघाड नाही. स्क्रीनवर काहीच नाही म्हणजे वाचायला एररसुद्धा नाही. दुरुस्तीवाला म्हणेल ते खरं.

डाव ठरलेला असतो. कॅबिनेट काउंटरवर येतं, बाजूचं झाकण काढून आत डोकावल्यासारखं केलं जातं, ‘ठेवून जा, चेक करून सांगतो’. मग फोन: मदरबोर्ड गेलाय, या मॉडेलचा आता मिळत नाही, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच बदलावं लागेल. तिकडे रॅमची पट्टी काढून, तिचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरने पुसून परत बसवल्यावर डिस्प्ले कधीच आलेला असतो. पाच मिनिटांचं काम. चांगला चालणारा जुना बोर्ड ‘स्क्रॅप’ म्हणून दुकानातच राहतो आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये पैसे घेऊन बसवला जातो.

बोर्ड खरेच मरतात, नाही असं नाही. पण तो निदानाचा शेवटचा टप्पा असतो, पहिला नव्हे. म्हणून कॅबिनेट घराबाहेर काढण्याआधी काही गोष्टी स्वतः बघा.

आधी मॉनिटर. त्याच्या मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला किंवा ‘नो सिग्नल’ आलं तर पॅनेल आणि बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) दोन्ही ठीक आहेत; इनपुट एचडीएमआयवर आहे की डिस्प्लेपोर्टवर तेवढं जुळवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. सफाई करताना ती चुकून बोर्डाच्या पोर्टात जाते, आणि इंटेलच्या ‘एफ’ने संपणाऱ्या प्रोसेसरांत किंवा रायझन ५ ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नसल्यामुळे तिथून चित्र कधीच येणार नाही. मग कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग मशीन सुरू झालंय, अडलंय ते फक्त चित्र. अशा वेळी कुणी बोर्ड मेला म्हणालं तर तो थाप मारतोय किंवा त्याला कळत नाही.

दिवा हलत नसेल तर रॅमची परीक्षा घ्या, आणि सगळ्यात कामाची हीच. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, रॅमच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढा आणि तसंच मशीन सुरू करा. बझर (बीप वाजवणारा छोटा स्पीकर) जोडलेला असेल तर बीप येतील, किंवा बोर्डावरच्या सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट या चार छोट्या दिव्यांपैकी डीरॅमचा लागून राहील. रॅम नसल्याची तक्रार करायला प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) दोन्ही जिवंत लागतात. मेलेला बोर्ड तक्रार करत नाही. हे मोबाइलवर चित्रित करून ठेवा. (हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटांत बझर नसतो, त्यामुळे दिवेही नसतील तर शांततेवरून काहीच ठरवू नका.) मग परत प्लग काढून एकच पट्टी बसवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते, क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर घाई नको. रॅम बदलल्यावर किंवा बोर्डावरचा सेल काढल्यावर मशीन रॅमशी जुळवून घेत असतं; या मेमरी ट्रेनिंगमध्ये स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, आणि नेमक्या त्याच वेळात घाबरून लोक दुकान गाठतात.

पंखे फिरतात म्हणजे पॉवर सप्लाय चांगला, हे गृहीतच चुकीचं आहे. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. तो जरा सैल असला की पंखे मजेत फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. गिऱ्हाइकासमोर ‘बघा, मेलाय’ दाखवायला हाच अर्धवट उपसून ठेवतात. दुकानात उभे असाल तर आधी बोट तिकडे दाखवा. मल्टीमीटर असणाऱ्यांसाठी: १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल उतरला की सहसा घड्याळ आणि सेटिंग विसरली जातात. त्यासाठी बोर्ड बदलायचं काहीच कारण नाही. प्लग काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवणं हाही उपाय आहे, बायोसची बिघडलेली सेटिंग त्याने जाते.

ग्राफिक्स कार्ड ‘बदलून’ देताना होणारी फसवणूक वेगळ्याच जातीची. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते नंतरच्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डाच्या नावाने विकलं जातं, आणि विंडोजमध्ये नावही तेच दिसतं. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं की बहुतेकदा नावाआधी ‘फेक’ येतं. आणखी सोपी खूण: १०५० टीआयच्या चिपमधून ॲनालॉग चित्र निघतच नाही, तेव्हा कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट दिसला की संशय घ्या. बंद कार्ड हीटगनने तापवून ‘रिपेअर’ केलेलंही घेऊ नका. सुटलेला जोड काही दिवस चिकटतो आणि तेवढ्यात दुकानाची टेस्टिंग वॉरंटी संपते.

लॅपटॉप असेल तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरकी धरा. आत पुसटसं चित्र दिसलं तर गेलाय तो बॅकलाइट किंवा त्याचा सप्लाय, तरी बोट मदरबोर्डाकडेच दाखवलं जातं.

मशीन ठेवूनच यावं लागलं तर रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि बोर्ड यांच्या सिरियल नंबरचे फोटो तिथेच, त्यांच्यासमोर काढा आणि नंबर जॉबशीटवर लिहून घ्या. काढलेला पार्ट परत मिळेल, हेही त्याच कागदावर. घरी आणल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट भरलेत ते बघा. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्यांच्या जागी आठची एकच निघणं ही नेहमीची चोरी, कारण मशीन तरीही सुरू होतं आणि कुणी मोजत नाही. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी पानावर पट्टीचा पार्ट नंबर आधीच्या फोटोशी ताडून पाहा. आणि ‘नवीन’ म्हणून लावलेल्या एसएसडीचे पॉवर-ऑन अवर्स (एकूण चाललेले तास) क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हजारांत दिसले, तर स्क्रीनशॉट काढूनच दुकानात परत जा.