जुन्या गोद्यांचं काय करायचं: लंडन की हांबुर्ग?

कंटेनरची अवाढव्य जहाजं आली आणि दोन्ही शहरांच्या जुन्या गोद्या ओस पडल्या. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या.

लंडनने १९८१ मध्ये विकास महामंडळ नेमलं, करसवलती दिल्या आणि बिल्डरांना रान मोकळं केलं. गोदीच्या जागेवर कॅनरी वॉर्फ या कचेऱ्यांच्या वसाहतीचा मनोरा १९९१ मध्ये उभा राहिला. पुढच्याच वर्षी विकासक कंपनीचं दिवाळं निघालं. १९८७ पासून एक छोटी रेल्वे होती, पण ज्युबिली मेट्रो पोचायला १९९९ उजाडलं. आधी टॉवर, मग गाडी! (आपल्याला काही नवीन नाही.)

हांबुर्गने जुन्या बंदरावर वसवलेल्या हाफेनसिटीचा आराखडा २००० चा, क्षेत्र १५७ हेक्टर. जागा शहराच्या मालकीची; विकासकाला ती आधी फक्त राखून मिळते. वास्तुरचनेची स्पर्धा, परवाने वगैरे झाल्यावरच खरेदी. घरं, कचेऱ्या, विद्यापीठ, सगळं एकाच वस्तीत. एल्बे नदीला उधाण येतं, म्हणून जोतं समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच: खालचा धक्का बुडतो, वरचा रस्ता कोरडा. कोकोच्या गोदामावर २०१७ मध्ये संगीतसभागृह उघडलं, पण त्याच्या खर्चाने शहराला घाम फोडला.

तरी मी हांबुर्गच निवडेन. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरही बंदराची जमीन अजून सार्वजनिक मालकीची आहे, म्हणजे ही वाट आपल्यालाही मोकळी आहे.