केळ्याला ऑफिसात न्यायचं की घरी ठेवायचं?

जळगावात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही चौघं मिळून एक हॉल वापरतो. एका कोपऱ्यात जीएसटी-आयकराचं काम बघणारे भाऊ, दुसऱ्यात घरांचे नकाशे काढणाऱ्या ताई, तिसऱ्यात ठिबकची डिझाइनं करणारा मी, आणि दाराजवळ पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे, सातबाऱ्याचे अर्ज भरून देणारा पोरगा. भाडं, वीजबिल, चहा सगळं चौघांत. मागच्या दिवाळीनंतर मी केळ्याला तिथे न्यायला लागलो. केळ्या म्हणजे माझा कुत्रा, गावठीच आहे. पिवळा, अंगावर काळे ठिपके, चार दिवस टोपलीत राहिलेल्या केळासारखा. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तो रोज आला. आता घरी असतो.

धुळ्याच्या एका मित्राच्या ऑफिसात सध्या हाच घोळ चाललाय. सहा जणांची जागा, त्यातल्या एकाला आपला लॅब्रॅडॉर आणायचाय, बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. त्याला फोनवर जे तुटक-तुटक सांगितलं ते इथे नीट मांडतो. दोन्ही पारडी दाखवतो, पण माझं पारडं कुठे झुकलंय ते लपवणार नाही.

आधी घड्याळ बघा

ऑफिसात कुत्रा ही कल्पना जिथून आली तिथला दिवस वेगळा असतो. सिएटलच्या ॲमेझॉनमध्ये अगदी सुरुवातीच्या काळात रुफस नावाचा कॉर्गी आपल्या मालक जोडप्यासोबत कामावर यायचा. तिथे आजही कुत्र्यांना मुभा आहे. कुत्र्याच्या बाजूने बोलणारे हमखास दाखला देतात तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीचा. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी ती नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत, जेवणाच्या टेबलावरची भांडी विकणाऱ्या एका कंपनीत केली होती. साधारण ५५० माणसं, रोज २०-३० कुत्री. सोबत कुत्रा आणणाऱ्यांचा ताण दिवस सरता सरता उतरला, आणि कुत्रा घरी ठेवून आलेल्यांचा चढत गेला.

दाखला खरा आहे, पण तो किती ताणायचा ते बघा. पाहणीतली माणसं ७५ च्या आसपास, काळ एका आठवड्याचा, आणि जागा अशी की जिथे कुत्री आधीपासून येतच होती. ज्याला कुत्र्याचा त्रास होतो तो अशा कंपनीत मुळात नोकरी धरेल का?

त्यातला जो माणूस कुत्र्याच्या काळजीने झुरतो, तो सकाळी निघून थेट रात्री घरी पोचणारा असतो. मुंबई-पुण्यातही तसंच. बारा-बारा तास कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडून राहतो, म्हणून त्याला सोबत न्यायचा विचार येतो. आपल्याकडे काय होतं? दहाला ऑफिस उघडतं. एकच्या सुमाराला बाजार थंडावतो. स्कूटरवर दहा मिनिटांत घर, जेवण, थोडी पाठ टेकणं, चारला परत. म्हणजे कुत्रा सलग एकटा राहतो तो तीन-चार तास. मोठा कुत्रा दिवसातले १२ ते १४ तास झोपतोच, त्यातले हे तीन त्याला फार जड जात नाहीत. शिवाय घरी आई असते, नाहीतर शेजारच्या काकू ओट्यावर गहू निवडत बसलेल्या असतात. ऑफिसात न्यायचं सगळ्यात मोठं कारणच आपल्या गावात निम्मं होऊन जातं. केळ्याला पाच-सहा महिने आणल्यावर मला हे कळलं, हे जरा लाजिरवाणंच आहे.

दोन अपवाद मात्र खरे आहेत. एक, पिल्लू. तीन महिन्यांचं पोर तीन-चार तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही. दुसरा, खोली घेऊन एकटा राहणारा आणि डब्यावर जेवणारा. त्याला दुपारचं घर नाही, म्हणून त्याच्या कुत्र्यालाही नाही.

ऊन

घरी ठेवण्याच्या बाजूने इथे फार बोलावंच लागत नाही. भुसावळ-जळगावचा मे सगळ्यांना ठाऊक आहे, पारा ४५ ला टेकतो. कुत्र्याचं अंग मुळातच ३८-३९ अंशांचं. आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना थोडासा. बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. म्हणजे कूलर आणि कुत्रा एकाच तत्त्वावर चालतात, पाणी उडवून गारवा. कोरड्या मे महिन्यात दोघंही कसंबसं निभावतात. पाऊस अडलेल्या दमट जुलैत दोघंही हात टेकतात. तुमच्या हॉलमध्ये एसी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग वीज गेल्यावर काय, तेही ठरवून ठेवा.

आणि ऑफिसातल्या गारव्यापेक्षा मोठा प्रश्न वाटेचा. हवा ४० च्या वर असताना उन्हातलं डांबर ६० च्या पुढे सहज जातं. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा. ठेववली नाही तर त्याचे पंजेही भाजणार. मी केळ्याला स्कूटरच्या पायठणीवर उभा करून न्यायचो. एप्रिलमध्ये एकदा दीडच्या उन्हात सिग्नलला थांबलो आणि त्याने चटक्याने चारही पाय आळीपाळीने उचलले. पायठण पत्र्याची होती, तापली होती, आणि माझ्या पायात बूट होते. गाडीत ठेवून 'दोन मिनिटांत येतो' हा प्रकार तर करूच नका; बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते.

पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात बाहेर काढण्यावर चर्चाच नको. आणि खान्देशात बर्फाळ मुलखातला हस्की दिसला की मला कुत्र्याची दया येते, मालकाचा राग.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र ऑफिसचं पारडं खरंच जड होतं. भरताच्या पार्ट्यांचे दिवस, कोवळं ऊन, ओट्यावर पसरलेला कुत्रा. त्या चार महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही.

दारातून येणारा माणूस

आपण आपसात विचारतो, 'कोणाला हरकत आहे का?' आत बसणाऱ्या चौघांना विचारलं की आपल्याला वाटतं झालं. पण जागा चालते ती दारातून येणाऱ्यांवर, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

जानेवारीत अमळनेरकडचे एक आबा आले. डोक्यावर टोपी, हातात कागदांची पिशवी. पायरीवरच थांबले. "भाऊ, हाऊ कुत्रा चावस का?"

"नाही हो आबा, या ना आत."

ते आले नाहीत. पिशवी तिथूनच पुढे केली आणि अर्ज भरून होईपर्यंत बाहेर उन्हात उभे राहिले. त्यांच्या मळ्यात दोन कुत्री आहेत, हे त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणजे माणूस कुत्र्याला भिणारा नव्हता. मळ्यातला कुत्रा आपला असतो, राखणीला असतो, त्याची जागा ठरलेली असते. टेबलाखाली बसलेल्या दुसऱ्याच्या कुत्र्याशी कसं वागायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि परक्या ऑफिसात आधीच अवघडलेला माणूस असं विचारतही नाही.

एक बाई लहान मुलाला घेऊन शिष्यवृत्तीच्या कामाला आल्या होत्या. पोरगं किंचाळलं, त्या तशाच वळल्या. भाऊंचे एक जुने गिऱ्हाईक दुपारची नमाज चुकवत नाहीत. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर आधी ते धुवावं लागतं, म्हणून त्यांनी कागद व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली. माळकरी म्हाताऱ्यांचं वेगळं, पण गत तीच. कोणी भांडलं नाही. सगळे गुपचूप थोडे लांब सरकले.

आणि नुकसान कोणाचं झालं? माझं नाही. ठिबकवाल्याचं काम शेतात असतं. झालं ते दाराजवळच्या पोराचं, कारण पायरीवरून परत जाणारं प्रत्येक माणूस त्याचं होतं. तो मला एकदाही बोलला नाही. विचारलं की म्हणायचा, "चालतंय ना दादा." चौघांत तो सगळ्यात लहान, जागाही त्याला माझ्या ओळखीने मिळालेली. तो दुसरं काय म्हणणार होता? मार्चच्या शेवटी ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा कळलं.

म्हणून धुळ्याच्या मित्राला पहिली गोष्ट हीच सांगितली. सहा जणांना एकत्र बसवून हात वर करायला लावू नकोस. ज्याचं टेबल दाराशी आहे आणि जो वयाने लहान आहे त्याला एकट्याला विचार, आणि कुत्र्याच्या मालकाने विचारू नये. तो 'चालेल' म्हणाला तरी त्याच्याकडे दिवसाला किती माणसं येतात ते मोज.

जे खरंच मिळालं

केळ्या नसल्याची चुटपुट सगळ्यांना आहे, हेही सांगायला हवं. जीएसटीची वीस तारीख जवळ आली की भाऊंचा आवाज चढतो. केळ्या जाऊन त्यांच्या पायावर हनुवटी ठेवायचा आणि आवाज उतरायचा. ताई एरवी चार-चार तास खुर्ची सोडत नाहीत, त्याला मागच्या मैदानात फिरवायच्या निमित्ताने उठायच्या. थकबाकीवरून तणतणत आलेला एक ठेकेदार त्याला बघून आधी 'अरे, कोणाचा रे हा?' म्हणाला आणि निम्मा राग तिथेच सांडला. अमेरिकेतल्या त्या पाहणीत ताण मोजला होता, आमच्याकडे कोणी मोजला नाही, पण फरक पडायचा.

गंमत अशी की हे सगळं दिवसाला तासाभरात मिळायचं. उरलेले सात तास तो झोपायचा, आणि त्याच सात तासांत गिऱ्हाइकं यायची.

खाणं, केस, दवाखाना

डब्यांचा बंदोबस्त आधी करा. शेवभाजीच्या तर्रीत काय नसतं? कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतात, आणि आपल्या माणसाला 'देऊ नका' म्हटलं की तो 'एवढ्याने काय होतंय' म्हणून हमखास देतो. भरताचंही तेच. पिकलेल्या केळाचा तुकडा चालतो, द्राक्षं आणि मनुके नाहीत. घरी आईला एकदा सांगितलं की पुरतं. ऑफिसात ते रोज नव्या माणसाला सांगावं लागतं.

ॲलर्जीबद्दल एक गैरसमज आहे, आखूड केसांचा कुत्रा चालतो म्हणे. त्रास केसांचा नसतो, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. सामायिक हॉलमध्ये एकालाही दमा असेल तर विषय तिथेच संपवा.

रेबीजची लस दरवर्षी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, पावसाळ्याआधी लेप्टोची लस. हे घरी ठेवलं तरी करायचंच, पण ऑफिसात आणणार असाल तर लसीकरणाच्या वहीची प्रत सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. चावलाच, नुसता दात लागला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखान्यात जायचं. 'पाळीव आहे, लस दिलीय' म्हणून थांबायचं नाही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण उपचार त्याआधीच सुरू करायचे. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही. मालकासाठी कायद्याची बाजूही आहे. जनावर सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

डाळमिल, पापड-लोणची, फरसाण, असं खाण्याचं काही तुमच्या जागेत बनत असेल तर हा सगळा लेख सोडून द्या. तिथे कुत्रा नकोच.

मग कोणी काय करावं

नकाशे, हिशोब, संगणकाची कामं, म्हणजे माणसं वेळ ठरवून येतात, जागा तळमजल्यावर आहे, आणि कुत्र्याच्या मालकाला दार लावता येईल अशी स्वतःची खोली आहे, तर हिवाळ्यात आणा. मोकळा हॉल, येणारी-जाणारी माणसं, गावाकडची गिऱ्हाइकं, असं असेल तर घरी ठेवा आणि दुपारी जेवायला घरी जा. कुत्रा कितीही गुणी असला तरी. मधला मार्ग म्हणून आम्ही आता शनिवारी संध्याकाळी पाचनंतर, बाहेरची माणसं थांबल्यावर, थंडीत केळ्याला आणायचं ठरवलंय; उन्हाळ्यात तेही नाही.

सुरुवात करणारच असाल तर एक महिन्याची मुदत घाला आणि संपायची तारीख आधीच लिहून ठेवा. तारीख नसली की कुत्रा बंद करायला कोणाला तरी वाईट व्हावं लागतं, आणि तसं व्हायला कोणी तयार नसतं. आमच्याकडे ते ताईंच्या गळ्यात पडलं.

धुळ्याच्या मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते जाऊ दे, लॅब केस किती गाळतो?" मी त्याला आमच्या सीपीयूचा पंखा उघडला तेव्हा काढलेला फोटो पाठवला. त्यात गुंतलेले केस आखूड केसांच्या केळ्याचे होते.