डिस्कव्हरी जहाजाचं मॉडेल किट: बाकी झकास, पण या खिडक्या कुठून आणल्या?

तीन आठवडे रात्री जागून हे किट एकदाचं संपवलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. जहाज म्हणजे डिस्कव्हरी, स्कॉटलंडमधल्या डंडीत बांधलेलं, १९०१ मध्ये पाण्यात उतरलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश शोधमोहीमवाला रॉबर्ट स्कॉट अंटार्क्टिकाला घेऊन गेला ते. तसं ते नेव्हीचं जहाज नव्हे, पण स्कॉट नेव्हीचा आणि बरोबरची बरीचशी माणसंही नेव्हीचीच. तीन डोलकाठ्या, खरा भरवसा शिडांवर, आणि पोटात ४५० हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन, ते आपलं मदतीला, कारण अख्खा प्रवास इंजिनावर करायचा तर तेवढा कोळसा मावणारच नव्हता.

आता किट. फळ्यांचं टेक्स्चर एक नंबर, धुराडं बरोबर मधल्या आणि मागच्या डोलकाठीच्या मध्ये, नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, तिरपा आकारही पकडलाय (खरं जहाज बर्फावर चढून वजनाने तो फोडायचं, म्हणून तिथे लोखंडी पत्रे मारलेले, तेसुद्धा दिलेत). इथपर्यंत मी खूश होतो.

मग बाजू बघितली तर गोल खिडक्यांची रांग! अहो, या जहाजाला बाजूला खिडक्या नव्हत्याच. चारी बाजूंनी बर्फ दाबणार म्हणून लाकूड जाडजूड ठेवलं आणि भोकं पाडली नाहीत, आत हवा जायची ती डेकवरच्या अळंबीसारख्या छोट्या व्हेंटमधून, आणि येता-जाता खलाश्यांचे घोटे त्यांच्यावर आपटायचे. ते व्हेंट किटमध्ये नाहीत. शेवटी खिडक्या पुट्टीने बुजवून, घासून, परत रंगवल्या आणि टाचण्यांची डोकी कापून व्हेंट केले, दोन बोटं भोसकून घेतली ती वेगळीच.

सगळ्यात जास्त राग पंख्याचा (जहाज पुढे ढकलणारा प्रोपेलर) आला. बर्फात मोडू नये म्हणून पंखा आणि सुकाणू दोन्ही वर जहाजात ओढून घेता यायचं, अख्ख्या डिझाइनमधली मला आवडलेली हीच गोष्ट, आणि इथे दोन्ही बुडाला चिकटवूनच ओतलेत. करवतीने कापून काढले, वरपर्यंत खाच पाडली, आता दोऱ्याने ओढला की पंखा वर येतो. एवढं करूनही हे जहाज १९०२ पासून १९०४ च्या फेब्रुवारीपर्यंत बर्फात अडकून होतंच म्हणा.

बूड मात्र एकदम ओरिजिनल. बर्फासाठी खाली काही बाहेर आलेलं ठेवलं नव्हतं, त्यामुळे उघड्या समुद्रात ते भयंकर डोलायचं, आणि माझं मॉडेलही स्टँडवरून काढलं की लगेच कलंडतं.

पाचपैकी तीन स्टार. पहिलंच किट असेल तर घेऊ नका, शिडांच्या दोऱ्यांचं चित्र बघून डोळे फिरतील, माझ्या मागच्या डोलकाठीच्या अजून बाकी आहेत.