धुळ्यातली तीन दिवसांची सभा, मला कशी वाटली

मागच्या आठवड्यात धुळ्यात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाळकसाहेबांच्या तीन संध्याकाळी सभा झाल्या, विषय खरा विश्वास आणि मंडळ्यामंडळ्यांतली, म्हणजे चर्चाचर्चमधली भांडणं. जाऊ की नको असं झालेलं, कारण आमच्या घरात हे दुखणं आहे. आजी गेली तेव्हा तिचा बाप्तिस्मा पाण्यात बुडवून झालेला नाही म्हणून एका पाळकांनी कबरीपाशी प्रार्थना करायला नकार दिला, मामा मुठीत माती धरून तसाच उभा, ती मूठ अजून दिसते मला.

पहिला दिवस साधारण. 24 मे 1738 ला लंडनमध्ये मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं मन विश्वासानं कसं पेटलं ते संडेस्कूलपासून ऐकतोय, त्यात माईक खरखरत होता. दुसरा दिवस मात्र विसरणार नाही. वेस्ली आणि दुसरा उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड ऑक्सफर्डपासूनचे दोस्त, पुढे कोणाचं तारण होणार हे देवानं आधीच ठरवलंय का यावरून जाहीर भांडले, वाटा वेगळ्या झाल्या, आणि 1770 मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला तर त्याच्याच इच्छेनं लंडनला त्याच्यासाठी उपदेश केला तो वेस्लीनं! मतं दोघांची होती तिथंच होती. मला रडू आवरेना.

आणि पाळकसाहेबांनी स्वतःचं घरही झाकलं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले, पण अमेरिकन मिशनमधली यांची मंडळी ऐनवेळी मागे फिरली, हे त्यांनी कारणं न देता सरळ सांगितलं. असं बोलणारा पाळक मी तरी पहिल्यांदा बघितला.

शेवटी एका म्हातारीनं उठून विचारलं, "बापा, सरगमा बी दोन दरवाजा शेतस का?" म्हणजे स्वर्गातही दोन दरवाजे आहेत का? ते स्टेजवरून खाली आले, तिचा हात धरून म्हणाले, नाही आजी, एकच.

तक्रार एकच, प्रश्नांना जेमतेम पंधरा मिनिटं दिली आणि जमिनीचा विषयच नाही काढला. अहो, आपल्याकडे बाप्तिस्म्यापेक्षा चर्चच्या कंपाउंडच्या जागेवरून जास्त फाटतं, कोर्टात दावे चालतात, त्यावर बोलायलाच हवं होतं.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी, पोटभर. तुमच्या गावाला आले तर दुसरा दिवस चुकवू नका. मामा या वेळी आला नाही, पुढच्या सभेला मी त्याला घेऊनच जाणार.