हाफ इंजिन कामानंतरचे आठ महिने: जुन्या स्प्लेंडरचा धूर आणि ऑइलची गळती

गाडी कार्बोरेटरवाली जुनी स्प्लेंडर, 97.2 सीसी, मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी. ब्लॉक 0.50 वर, म्हणजे अर्धा मिमी मोठा बोअर करून नवा पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सील, टायमिंग चेन आणि सगळी पॅकिंग घातली. क्रँक उघडला नाही, म्हणून हे 'हाफ इंजिन' काम. वापर डिसेंबर ते ऑगस्ट, साधारण नऊ हजार किलोमीटर. म्हणजे जानेवारीतल्या गड्डा यात्रेची थंडी, मे महिन्याचं ऊन आणि पाऊस, तिन्ही यात आले. निम्मं चालणं सोलापूर शहरात, बाकीचं तुळजापूर, अक्कलकोट आणि मोहोळच्या रस्त्यांवर.

आजची अवस्था अशी: धूर नाही, स्टँडखाली थेंब नाही, हजार किलोमीटरला 40-50 मिली ऑइल कमी होतं. पहिल्या काही महिन्यांत मात्र धूरही होता आणि गळतीही. "रिंगा बसल्या नाहीत, ब्लॉक परत उतरवा" हा सल्ला सगळ्यात आधी मिळाला आणि तोच सगळ्यात चुकीचा निघाला. कारणं तीन होती: जास्त भरलेलं ऑइल, हेडच्या एका नटाखाली चुकीचा वॉशर आणि गिअर शाफ्टचं कडक झालेलं सील.

धुराबद्दल आधी. कामाच्या आधी जी गाडी महिनोन्‌महिने ऑइल पीत होती, तिच्या सायलेन्सरमध्ये ते ऑइल साचलेलं असतं. इंजिन नवं झालं तरी सायलेन्सर जुनाच, त्यामुळे तापला की तो निळसर-पांढरा धूर सोडत राहतो. घराच्या दारात उभी करून रेस केल्यानं हे ऑइल जळत नाही. मोहोळपर्यंत जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर चालवल्यावर धूर निम्म्यावर येतो, दोन-तीन फेऱ्यांत संपतो. दर फेरीला कमी होत गेला तर दोष सायलेन्सरचा. तेवढाच राहिला किंवा वाढला, तर दोष इंजिनमध्ये.

मग धूर कधी येतो ते बघायचं. रंगापेक्षा वेळ जास्त सांगते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळा भपकारा येऊन मिनिटभरात बंद झाला, तर वॉल्व्ह सीलकडे बघा. हेडमधलं ऑइल रात्रीतून गाइडमधून (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिरपलेलं असतं. जानेवारीच्या सकाळी येणारी पांढरी वाफ वेगळी. ती सायलेन्सरमधलं पाणी असते, तिला जळक्या ऑइलचा वास नसतो. ही हवेवर थंड होणारी गाडी आहे, इंजिनात कूलंट नाही; त्यामुळे "हेड पॅकिंगमधून पाणी जळतंय" हे निदान इथे लागूच होत नाही.

गाइड आणि सील तपासायला तुळजापूरचा घाट फार उपयोगी. घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी इंजिनवर येऊ द्यायची आणि खाली आल्यावर एकदम ॲक्सिलरेटर द्यायचा. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि ढिल्या गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. ते जळाल्याचा निळा झटका मागच्या गाडीवाल्याला स्पष्ट दिसतो, म्हणून मागे एक माणूस ठेवा. उलट, चढावर जोर देताना सतत निळा धूर आला तर रिंगा किंवा बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला किंवा कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची पिन पाझरणारी. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद अर्धा मिनिट धरला की शंका राहत नाही. ऑइल असेल तर चिकट डाग पडतात, पेट्रोल जास्त असेल तर कोरडी काजळी, आणि पाणी असेल तर डाग वाळून जातो.

या गाडीचा धूर चढावर यायचा, म्हणून सगळ्यांनी रिंगांवर बोट ठेवलं. खरं कारण डिपस्टिकवर होतं: पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर. बोअरिंगच्या वेळी केस पूर्ण रिकामी झाली असं धरून ऑइल ओतलं होतं, पण क्रँक उघडलाच नव्हता आणि आत जुनं ऑइल उरलेलं होतं. पातळी बघायची पद्धतही नीट पाळायला हवी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, काडी पुसून भोकात नुसती टेकवा. आटे फिरवून बसवलेली काडी पातळी जास्त दाखवते. जास्तीचं ऑइल काढल्यावर दुसऱ्याच दिवशी फरक पडला.

जिथे ब्रीदरचा (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा) पाइप एअर बॉक्सला जोडलेला असतो, त्या गाड्यांत जास्तीचं ऑइल याच वाटेनं कार्बोरेटरकडे जातं. तो पाइप काढून बाटलीत सोडा आणि पंधरा-वीस किलोमीटर चालवा. सायलेन्सरचा धूर थांबला आणि बाटलीत ऑइल जमलं, तर रिंगांना दोष देण्याआधी पातळी आणि ब्रीदर तपासा. ब्रीदर चिखलानं किंवा पाइप मुडपल्यानं बंद असेल, तर क्रँककेसमधला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. मग एका वेळी तीन-चार ठिकाणी पाझर दिसतो आणि लोक तिन्ही-चारही सील बदलत बसतात. नव्या रिंगा बसेपर्यंत त्यांच्या बाजूनं क्रँककेसमध्ये उतरणारा वायू जास्तच असतो, त्यामुळे या काळात मोकळा ब्रीदर फार महत्त्वाचा.

रिंगांचा खरा निवाडा कंप्रेशन गेजनं करायचा. इंजिन गरम, प्लग काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा. काटा वाढायचा थांबेपर्यंत किका मारा. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे 5 मिली ऑइल घालून परत मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर सैल. तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. या गाडीत काम झाल्यावर कोरडा (ऑइल न घालता घेतलेला) आकडा 9 किलो प्रति चौरस सेमी होता, 800 किलोमीटरनंतर 11 झाला. वाढत जाणारा आकडा म्हणजे रिंगा बसत आहेत. एकच आकडा घेऊन निर्णय करू नका, पंधरवड्यानं परत मोजा.

रिंगा बसाव्यात यासाठी पहिले 500 किलोमीटर एका लयीत चालवायची नाही. वेग बदलता ठेवायचा, अधूनमधून थोडा जोर द्यायचा, आणि सात रस्त्याच्या सिग्नलवर किंवा दारात लांब वेळ आयडलवर ठेवायची नाही. नुसत्या आयडलवर बोअर गुळगुळीत चकाकतो आणि रिंगांना घासायला होनिंगच्या (बोअर करताना आत मुद्दाम पाडलेल्या बारीक) रेघाच उरत नाहीत. मात्र चूक जोडणीतलीच असेल तर थांबून काही होत नाही. दुसरी रिंग उलटी बसली असेल (खूण पिस्टनच्या माथ्याकडे हवी), ऑइल रिंगच्या जाळीची टोकं एकमेकांवर चढली असतील किंवा तिन्ही रिंगांचे गॅप (टोकांमधल्या फटी) एका रेषेत असतील, तर 1,000 किलोमीटरनंतरही धूर तसाच राहील आणि ब्लॉक उतरवावाच लागेल. बसवण्याआधी रिंग एकटी बोअरमध्ये सरळ सरकवून फिलर गेजनं गॅप मोजा. या बोअरला 0.15 ते 0.25 मिमी योग्य. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण लेथवरून ब्लॉक आला की घाईत हमखास राहून जातं.

आता गळती. ऑइल जिथे दिसतं तिथून गळत नाही. या गाडीचं सिलिंडर जवळजवळ आडवं आहे. हेडवरचं ऑइल वाऱ्यानं मागे आणि खाली जातं आणि क्लच कव्हरच्या तळाशी थेंब होऊन लोंबतं. त्यामुळे क्लच कव्हरचं पॅकिंग विनाकारण बदललं जातं. उपाय साधा आहे. इंजिन रॉकेलनं आणि ब्रशनं धुवा, हवा मारून कोरडं करा, त्यावर टाल्कम पावडर फुंकून दहा मिनिटं मेन स्टँडवर चालवा. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओली झालेली रेघ हेच उगमस्थान. स्टँडवर दिसलं नाही तर दहा किलोमीटर फिरवून परत बघा. इकडच्या काळ्या मातीची धूळ ओल्या जागी अशी चिकटते की काही दिवसांत ती स्वतःच नकाशा काढते.

या गाडीत रेघ हेडच्या एका नटापासून सुरू होत होती. हेडच्या चार स्टडपैकी एकाच्या भोवतीच्या पोकळीतून ऑइल वर जातं. त्या नटाखाली तांब्याचा वॉशर लागतो, बाकी तिन्हींखाली लोखंडी. जोडताना वॉशर अदलाबदल झाले होते. थंड इंजिनवर वॉशर जागेवर घालून नट तिरपे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळल्यावर गळती थांबली. नुसत्या अंदाजानं कचकचून आवळलेला नट अॅल्युमिनियममधले आटे ओढून काढतो.

गिअर शाफ्टच्या सीलची गळती मात्र मे महिन्यातच दिसली. जानेवारीत घट्ट असणारं ऑइल बेचाळीस अंशांच्या दुपारी पातळ होतं आणि जुन्या रबराला ते रोखता येत नाही. सील बाहेरून बदलता येतं. ओठाला ऑइल लावून, शाफ्टच्या आट्यांवर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून सरळ आत दाबा. पुढच्या स्प्रॉकेटपाशी काळं चिकट काही दिसलं, तर आधी ते चेनचं लुब्रिकंट नाही ना, हे पुसून खात्री करा.

ऑइल न ओतता पातळी वाढत असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची पिन पाझरतेय. ते ऑइल लगेच बदला, त्यावर गाडी चालवू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते: गळती दिसली की बाहेरून गॅस्केट शेलॅक (पॅकिंगला लावायचा चिकट लेप) थापू नका. पृष्ठभाग तेलकट असल्यानं ते चिकटत नाही, आणि जोडताना जास्त लावलं तर आतल्या बाजूला पिळून आलेला पापुद्रा सुटून ऑइल गाळणाऱ्या जाळीवर बसतो. पहिल्या 500 किलोमीटरला ऑइल बदलताना या गाडीच्या जाळीवर असे तीन तुकडे निघाले. जाळी तुंबली की हेडला ऑइल कमी पोचतं आणि कॅमशाफ्ट खरवडला जातो. म्हणून क्लच साइडचं कव्हर उघडून जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर (फिरून ऑइलमधला कचरा वेगळा करणारा) दोन्ही धुतले; पुढचं ऑइल 1,500 किलोमीटरला बदललं, त्यात जाळी स्वच्छ निघाली.