स्लीप अ‍ॅप्निया आणि मोटरचा पलंग: रिमोट हातात घेण्याआधी रिपोर्ट वाचा

झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडतो, तो त्रास म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. मोटरवर वरखाली होणारे पलंग आता गाद्यांच्या मोठ्या दुकानांत सहज दिसतात आणि रिमोटवर 'अँटी-स्नोअर', म्हणजे घोरणं रोखण्यासाठी, असं बटणही असतं. ते दाबून बघण्याआधी झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट काढा. तासाला श्वास किती वेळा अडतो किंवा उथळ होतो तो आकडा म्हणजे एएचआय. बहुतेक रिपोर्टांत तो उताणं आणि कुशीवर असा वेगवेगळा दिलेला असतो. उताण्याचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त असेल, तर झोपण्याची स्थिती बदलून खरंच फरक पडू शकतो. दोन्ही आकडे ३० च्या वर असतील, तर कोणताही पलंग सीपॅप मशीनची, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राची, जागा घेणार नाही. ते पैसे आधी नीट बसणाऱ्या मास्कवर घालावेत.

उतार फार लागत नाही. सौम्य ते मध्यम त्रासात साडेसात अंशांनीही आकडा काहीसा उतरतो. उचलणारा भाग ७५ सेंमी लांब असेल, तर तेवढ्यासाठी त्याची वरची कड जेमतेम १० सेंमी वर जाते. रिमोटवर अंश दिसत नसतील तर उचललेल्या भागावर फळी ठेवून मोबाईलच्या लेव्हल अ‍ॅपने मोजा. ३० अंश केले की माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरत राहतो, मान पुढे मुडपते, हनुवटी छातीला लागते आणि घसा आणखी अरुंद होतो. उशांची चवड रचल्यावर नेमकं हेच होतं. पलंगाचा सांधा कमरेच्या हाडाशी यायला हवा. उंच माणसांना तो बरगड्यांखाली येतो आणि पाठच वाकते, म्हणून झोपूनच तपासा.

डोकं आणि गुडघे दोन्ही वर उचलणाऱ्या 'झीरो ग्रॅव्हिटी' बटणाचं कौतुक आम्हाला पटत नाही. गुडघे वर उचललेले असताना कुशीवर वळता येत नाही, माणूस उताणाच राहतो, आणि अ‍ॅप्नियात तीच सर्वांत वाईट स्थिती.

गादी २० ते २५ सेंमी जाडीची, पॉकेट स्प्रिंगची (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असते ती), लेटेक्सची किंवा चांगल्या घनतेच्या फोमची घ्यावी. काथ्याची गादी आणि एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगची गादी सांध्यावर वाकत नाही. मध्ये पोकळी राहते, काथ्या तुटतो. कडक गादी पाठीला चांगली, हा समज इथे नडतो: खांदा रुतला नाही की तो दुखतो आणि झोपेत माणूस परत उताणा होतो. दुकानात निदान १५ मिनिटं कुशीवर पडून बघा. खांदा आत जावा, कंबर खचू नये. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा विदर्भातल्या उन्हाळ्यात तो जपूनच.

सीपॅप असेल तर आणखी एक बघा. काही पलंग पाठ उचलताना मागे भिंतीकडे सरकतात, काही सरकत नाहीत. बाजूचं टेबल मात्र जागेवरच असतं. नळी साधारण १.८ मीटर, ताणली की मास्कमधून हवा गळते. पाठ पूर्ण उचलून आणि पूर्ण खाली करून नळी सैल राहते का पाहा. मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा, नाहीतर एसीच्या थंड खोलीत नळीत साठलेलं पाणी मास्कमध्ये येतं. वीज गेल्यावर पलंग सपाट करायला बॅटरी आहे का, हेही विचारा. दोघांसाठी घेत असाल तर दोन स्वतंत्र भागांचा घ्या, नाहीतर एकाच्या उताराने दुसऱ्याची झोप मोडते.

आमचं मत: आधी ७५ सेंमी लांब, १२ ते १५ सेंमी उंच, कमरेपासून चढत जाणारी फोमची उतरती उशी दोन आठवडे वापरा. पलंगाच्या मानाने तिचा खर्च किरकोळ. तिने सकाळचा जडपणा कमी झाला, तरच मोटरच्या पलंगाचा विचार करा. पलंग घेतलात तर ठरलेल्या उतारावर झोपून तपासणी पुन्हा करून घ्या, कारण घोरणं थांबलं तरी श्वास अडणं चालूच राहू शकतं.